काचेपलीकडचे वडील आणि मापाची वही : एक प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २०२३ मधल्या एका शनिवारी दुपारी आठवीतला एक मुलगा शाळेच्या गणवेशातच विट्याच्या बसस्थानकावरून मिरजेच्या एसटीत बसला. रात्री नऊच्या सुमारास मिरज जंक्शनच्या फलाटावर रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने त्याला हटकले, तेव्हा त्याच्या दप्तरात चारशे साठ रुपये, पाण्याची बाटली, एक दोनशे पानी वही आणि कागदावर उतरवून घेतलेला कोइमतूरचा एक पत्ता एवढेच होते. त्याला वडिलांकडे जायचे होते. कोणी मारले का, घरी कोणी जाच करते का, या दोन्ही प्रश्नांना त्याने नाही म्हणून उत्तर दिले. मामा मध्यरात्रीनंतर त्याला घेऊन विट्याला परतले आणि सोमवारी शाळेने हे प्रकरण समुपदेशक म्हणून माझ्याकडे दिले. सोबतच्या चिठ्ठीत कारणाच्या रकान्यात एकच ओळ होती: ‘मोबाईलवर इंग्रजी मालिका पाहण्याचे वेड.’

मुलाचे नाव येथे देत नाही. मामांच्या घरी मामांचा मुलगा थोरला आणि हा लहान, म्हणून सगळे त्याला धाकटा म्हणतात. तेच नाव मी वापरते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, मात्र बोलणे शक्य तितके जसेच्या तसे ठेवले आहे. लिहिण्यापूर्वी वडिलांची, मामांची आणि स्वतः मुलाचीही संमती घेतली आहे.

सांगली जिल्ह्याच्या या भागाबाहेरच्या वाचकासाठी घराची घडण आधी सांगितली पाहिजे. खानापूर आणि आटपाडी हे तालुके पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणाचे. टेंभू योजनेचे पाणी आता बऱ्याच शिवारांत आले असले, तरी त्याच्या कितीतरी आधीपासून इथले पुरुष गलाईच्या कामासाठी देशभर पसरलेले आहेत. जुने सोने-चांदी मुशीत वितळवायचे, तेजाबाने शुद्ध करायचे आणि त्या शहरातल्या सराफांना द्यायचे, हा तो व्यवसाय. केरळात, तमिळनाडूत, उत्तरेकडे, जिथे सराफपेठ आहे तिथे विट्याकडचा एखादा माणूस भेटतोच. घरटी एक पुरुष बाहेर आणि बायको-मुले गावी, अशी रीत अनेक कुटुंबांत पडून गेली आहे. धाकट्याचे वडील कोइमतूरला अशाच एका दुकानात कारागीर आहेत. दिवाळीला आणि गावच्या जत्रेला ते येतात. एरवी रोज रात्री व्हिडिओ कॉल. आई घरी शिवणकाम करी. तिच्या ब्लाउजच्या शिलाईला आसपासच्या चार वाड्यांतून बायका येत.

एप्रिल २०२१ च्या मध्यापासून राज्यात कडक निर्बंध होते, तरी पुढे ढकललेली लग्ने घरातल्या घरात उरकली जात होती आणि शिलाईचे काम थांबलेले नव्हते. महिन्याच्या अखेरीस धाकट्याला दोन दिवस ताप आला आणि उतरला. त्यानंतर तीन दिवसांनी आईला ताप आला, तो उतरला नाही. बेड मिळेपर्यंत दोन तालुके फिरावे लागले आणि शेवटी मिरजेत एका रुग्णालयात जागा मिळाली. आठव्या दिवशी ती गेली. धाकटा तेव्हा अकरा वर्षांचा होता. तमिळनाडूत १० मेपासून संपूर्ण टाळेबंदी लागली होती. ई-पास, गाडी, तपासणीचा अहवाल हे सगळे जमवून वडील चौथ्या दिवशी पोहोचले, तोपर्यंत मिरजेतच अंत्यसंस्कार उरकलेले होते. देह घरी आला नाही. मुलाने आईला शेवटचे पाहिले ते रुग्णवाहिकेत चढताना, पाठमोरी.

दहाव्याला ओढ्याकाठी पाच माणसे होती. पिंडाला कावळा शिवेना. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. कोणीतरी म्हणाले, ‘‘तिचा जीव पोरात अडकलाय.’’ तेव्हा मामांनी हात जोडून मोठ्याने सांगितले, ‘‘आक्का, पोराला मी सांभाळतो, तू काळजी करू नको.’’ आणि कावळा शिवला. वडील शेजारीच उभे होते. हा प्रसंग मला तिघांनी तीन वेळा सांगितला. मामांच्या दृष्टीने ती बहिणीला दिलेली आण होती. वडिलांच्या दृष्टीने, जे त्यांनी म्हणायचे ते दुसऱ्याने म्हटले होते आणि त्यांच्या मुलाची जबाबदारी चारचौघांत त्यांच्या हातून निघून गेली होती. धाकट्याने मात्र त्यातून एवढेच घेतले की आईने आपल्याला मामांना देऊन टाकले आणि बाबांनी नको म्हटले नाही.

आजोळाविषयीही थोडे सांगते. मराठी मुलाच्या मनात आजोळ म्हणजे सुट्टीचे घर, जिथे अभ्यास विचारत नाहीत आणि ताटात आधी त्याला वाढतात. तेच घर कायमचे झाले की मुलाची मोठी पंचाईत होते, कारण तो पाहुणाही उरत नाही आणि चटकन घरचाही होत नाही. मामींनी कधी दुजाभाव केल्याचे मला दिसले नाही. तरीही दुसरी चपाती मागावी की नाही याचा विचार हा मुलगा दोन वर्षे करत होता, हे त्यानेच मला नंतर सांगितले. मामा स्वतः शोकात होते हेही घरात कोणाच्या ध्यानात आले नव्हते. सगळे मुलाची आई गेली म्हणत. मामांची पाठची नव्हे, थोरली बहीण गेली होती, जिने त्यांना कडेवर वागवले होते.

आता त्या मालिकेकडे येते, कारण चिठ्ठीत जिला वेड म्हटले होते तिच्यातच या मुलाने आपले सगळे प्रश्न साठवून ठेवले होते. ‘द फ्लॅश’ ही अमेरिकी मालिका ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झाली आणि नऊ पर्वांनंतर मे २०२३ मध्ये संपली. तिचा नायक बॅरी ॲलन अकरा वर्षांचा असताना, मार्च २००० मधल्या एका रात्री, त्याच्या घरात विजेच्या लोळासारखे काहीतरी शिरते आणि त्याची आई नोरा हिचा खून होतो. खुनाचा आळ वडील हेन्री यांच्यावर येतो आणि त्यांना जन्मठेप होते. मुलाला वाढवतो तो जो वेस्ट नावाचा पोलीस अधिकारी, बॅरीची मैत्रीण आयरिस हिचा बाप. मोठेपणी बॅरी पोलिसांच्याच प्रयोगशाळेत न्यायवैद्यक तज्ज्ञ होतो, कारण त्याला वडिलांचे निर्दोषत्व सिद्ध करायचे आहे. पुढे एका स्फोटाच्या रात्री अंगावर वीज पडून त्याला अचाट वेग मिळतो, आणि त्या वेगाने काळातही मागे जाता येते हे त्याला कळते. वडिलांना भेटायचे तर तुरुंगातल्या काचेच्या अलीकडून, फोनचा रिसीव्हर कानाला लावून.

मामांच्या थोरल्या मुलाच्या लॅपटॉपवर धाकट्याने ही मालिका २०२२ च्या दिवाळीनंतर पाहायला घेतली. अकरा वर्षे, आई नाही, वडील काचेपलीकडे, वाढवणारा तिसराच. त्याला यातले साम्य कोणी दाखवून द्यावे लागले नाही. पहिल्या दोन भेटींत तो माझ्याशी आईविषयी एक अक्षर बोलला नाही, पण वेगाविषयी, काळाविषयी, काचेविषयी भरभरून बोलला. ‘‘बाई, बाबा पण काचेतच असतात की,’’ असे तो सहज म्हणाला आणि मोबाईलच्या पडद्यावर नखाने टकटक करून दाखवले. मी मालिका पाहिलेली नव्हती. तिसऱ्या भेटीपूर्वी पहिल्या पर्वाचे तेवीस भाग पाहून काढायचे मी ठरवले आणि त्याला तीन आठवडे लागले. त्या अवधीत शाळेतून दोनदा विचारणा झाली की मोबाईल काढून घेण्यास पालकांना कधी सांगणार. मी ते सांगितले नाही. मुलाला ज्या भाषेत बोलता येते ती भाषाच काढून घेतल्यावर समुपदेशकाने त्याच्याशी बोलायचे कशात, हा माझा साधा प्रश्न होता.

सुपरहिरो आणि पोरकेपण यांची सांगड जुनी आहे. १९३८ चा सुपरमॅन आपल्या नष्ट झालेल्या ग्रहावरून एकटा वाचून आलेला. १९३९ च्या बॅटमॅनचे आईवडील त्याच्या डोळ्यांदेखत मारले गेलेले. पुढच्याच वर्षी आलेला रॉबिन हा सर्कशीत आईबाप गमावलेला मुलगा. आपल्याकडे महाभारतात कर्ण आहे, जो जन्मदात्रीचे नाव कळल्यावरही राधेचाच मुलगा म्हणून राहतो. या कथांमुळे एक समजूत घट्ट होते की मोठे दुःख झाल्याखेरीज मोठे बळ येत नाही. पोरक्या मुलाच्या घरी येणारे पाहुणेही नेमके हेच बोलतात: तुझी आई वरून बघतेय, आता तू काहीतरी होऊन दाखव. मला हे बोलणे क्रूर वाटते, बोलणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी. धाकट्याला मी एक गोष्ट सांगितली, जी त्याला ठाऊक नव्हती. बॅरी ॲलन हे पात्र कॉमिक्समध्ये पहिल्यांदा १९५६ साली आले, तेव्हा त्याचे आईवडील धडधाकट होते. त्याला वेग मिळाला तो प्रयोगशाळेत वीज पडून आणि रसायने अंगावर सांडून. आईच्या खुनाची कथा त्याला जोडली गेली ती थेट २००९ मध्ये, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ हा नायक आई जिवंत असतानाच पळत होता. धाकटा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘‘म्हणजे आई असती तरी तो फ्लॅश झालाच असता.’’ मी हो म्हटले. ‘‘मग मेली कशाला?’’ याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि नाही असेच मी त्याला सांगितले.

चौथ्या भेटीत त्याने दप्तरातली ती दोनशे पानी वही काढली. पुढून ती विज्ञानाची होती. मागून उलट्या बाजूने एप्रिल २०२१ चे शेवटचे दोन आठवडे आखलेले होते, दर दिवसाला एक पान, पानाच्या मधोमध पट्टीने ओढलेली रेघ. रेघेच्या डावीकडे निळ्या शाईत जे घडले ते: ‘दुपारी विहिरीवर गेलो. चौघे होतो. मास्क खिशात.’ उजवीकडे लाल शाईत जे घडायला हवे होते ते: ‘दुपारी गेलो नाही. आई म्हणाली झोप, झोपलो.’ लाल बाजू पानागणिक वाढत गेली होती. शेवटच्या पानावर लाल शाईत आई जून महिन्यात त्याचा नवा गणवेश शिवत होती, आणि निळ्या बाजूला काहीच लिहिलेले नव्हते.

वही हातात घेतल्यावर मला कळले की हा मुलगा वडिलांकडे पळून चालला नव्हता. निदान तेवढ्यासाठी नव्हे. त्याला एकाच माणसाला एक गोष्ट विचारायची होती आणि ती फोनवर विचारण्यासारखी नव्हती. तेराव्याच्या दिवशी स्वयंपाकघरात एका नात्यातल्या आत्याने म्हटलेले वाक्य त्याने ऐकले होते: ‘‘पोराकडनंच आलं घरात. पोराला आधी ताप हुता की.’’ दोन वर्षे तो हे वाक्य घेऊन वावरत होता. घरात आईचा विषय कोणी काढत नसे, कारण पोराला त्रास होईल. आणि त्या शांततेचा अर्थ त्याने असा लावला की सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कोणी बोलून दाखवत नाही. बॅरीच्या वडिलांवर खुनाचा खोटा आळ आला होता. धाकट्याने हा आळ स्वतःवर घेतला होता आणि तो खोटा आहे असे त्याला वाटत नव्हते. त्याला कोइमतूरला जाऊन विचारायचे होते, ‘‘बाबा, माझ्यामुळे झालं का?’’

इथे माझ्याकडून एक चूक झाली, ती नोंदवणे आवश्यक आहे. मामांशी स्वतंत्र बोलताना त्यांनी मला सांगितले की शेवटच्या रात्री अकराच्या पुढे वॉर्डातल्या एका परिचारिकेने व्हिडिओ कॉल लावून दिला होता आणि आक्का मुलाला दाखवा म्हणत होती. धाकटा आत झोपलेला होता. ‘‘बाई, मला वाटलं, एवढंसं पोर, तोंडावरचा मास्क, नळ्या बघून भिईल. सकाळी लावू म्हटलं. सकाळी फोन आला तो वेगळाच.’’ हे सांगताना तो दांडगा माणूस खुर्चीत वाकून बसला. मी त्यांना म्हटले की मुलाला हे कळले पाहिजे, आणि त्यांनी माझा शब्द प्रमाण मानून त्याच रात्री सांगून टाकले. वडील तिथे नव्हते, मी नव्हते, मुलाची तयारी झालेली नव्हती. सत्य सांगायला हवे एवढे माझे बरोबर होते, पण ते कोणी, कुठे, कोणाच्या सोबतीने सांगायचे हे मी ठरवून द्यायला हवे होते. धाकटा नऊ दिवस मामांशी बोलला नाही. जेवण खोलीत नेऊन जेवला. नवव्या दिवशी तो माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘‘माझा बाप नाही तो. त्यानं का ठरवायचं?’’

मालिकेच्या दुसऱ्याच भागात बॅरीही जोला रागाच्या भरात असेच तोडून बोलतो, की तू माझा बाप नाहीस. मी त्याला त्या भागाची आठवण करून दिली नाही, त्यानेच दिली. भागाच्या शेवटी बॅरी परत जोकडे येतो आणि या माणसाने आपल्याला जेवू घातले, अभ्यासाला जागला, गाडी शिकवली, हे एकेक मोजून सांगतो. धाकट्याला तो शेवट पाठ होता, पण तो म्हणाला, ‘‘जोनं फोन लपवला नव्हता.’’ त्याचा मुद्दा रास्त होता आणि मी तो खोडला नाही. मालिकेतल्या उत्तरावर आयुष्यातले उत्तर बसवण्याचा मोह अशा वेळी फार होतो, आणि मुलाला ती बनवाबनवी लगेच कळते.

पुढचे काम तीन बाजूंनी झाले. पहिले म्हणजे वडिलांना मी फोन करून सगळे सांगितले आणि दिवाळीची वाट न पाहता त्यांनी यावे असे कळवले. ते दहा दिवसांची रजा काढून सप्टेंबरात आले. दुसरे, ओळखीच्या एका डॉक्टरांना मी मुलाशी बोलण्याची विनंती केली. त्यांनी त्याला मोठ्या माणसाशी बोलावे तसे समजावले: विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन दिवसही जाऊ शकतात आणि चौदाही, लक्षणे नसलेल्या माणसाकडूनही लागण होते, त्यामुळे कोणाला आधी ताप आला यावरून कोणी आणले हे ठरत नाही. आईनेच आणले असेल आणि तुला आईकडून झाले असेल, हेही तितकेच शक्य आहे. मुलाने विचारले, ‘‘पुरावा?’’ डॉक्टर म्हणाले, पुरावा नाही, आणि तू आणल्याचाही नाही.

तिसरी बाजू मी ठरवलेली नव्हती. डॉक्टरांशी बोलून आल्यावर दोन-तीन दिवसांनी धाकटा मामींच्या मागे लागला की आमच्या घराची किल्ली द्या. बंद घरात, शिलाई मशीनच्या खणात, आईची मापाची वही होती. लांबट, पुठ्ठ्याची, कडेला दोरीने पेन्सिल बांधलेली. प्रत्येक पानावर वर तारीख, खाली बाईचे नाव, आणि मग उंची, छाती, बाही, गळा यांचे आकडे. कपड्याचा लहानसा तुकडा टाचणीने लावलेला, रंग लक्षात राहावा म्हणून. धाकट्याने एप्रिलचा शेवटचा आठवडा काढला. सात बायका माप द्यायला आल्या होत्या आणि चौघी तयार कपडे न्यायला. माप घ्यायचे म्हणजे हातभर अंतर ठेवून चालत नाही. त्याने आपल्या वहीतली निळी पाने आणि ही पाने शेजारी शेजारी ठेवली आणि तारखा जुळवल्या. तो विहिरीवर गेला त्याच्या आदल्या दिवशी घरात तिघीजणी येऊन गेल्या होत्या. बॅरी ॲलन पोलिसांच्या प्रयोगशाळेत जे करतो तेच हा मुलगा आपल्या घरातल्या जमिनीवर बसून करत होता, आणि मामी दारात उभ्या राहून ते पाहत होत्या, असे त्यांनी मला सांगितले.

त्या सात बायकांपैकी कोणावर बोट ठेवावे असे त्याच्या मनात आले नाही. मला त्याची भीती होती, म्हणून मी मुद्दाम विचारले. त्यावर तो म्हणाला, ‘‘त्यांना पण माहीत नसणार.’’

त्याच वहीच्या शेवटच्या काही पानांत त्याची स्वतःची मापे होती, बालवाडीपासूनची, दर जूनला एक ओळ. शेवटची ओळ २०१९ ची, कारण २०२० मध्ये शाळा भरलीच नव्हती. प्रत्येक ओळीपुढे आईने बारीक अक्षरात ‘दाब सोडणे’ असे लिहून किती इंच तेही लिहिले होते, म्हणजे पोर वाढले की उसवून मोठे करता येईल. शिवणकाम न कळणाऱ्या वाचकासाठी सांगते, शिवणीच्या आत जास्तीचे कापड राखणे याला दाब म्हणतात.

वडील आल्यावर तिघांनी मिळून पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग पाहिला. वडिलांना इंग्रजी संवाद कळत नव्हते, ते धाकटा थांबवून थांबवून सांगत होता. त्या भागात बॅरी काळात मागे जाऊन त्या रात्रीच्या घरात पोहोचतो. भविष्यातला बॅरी तिथे आधीच झुंजत असतो, तो त्याला हाताने खुणावतो की मध्ये पडू नकोस. बॅरी दाराआड थांबतो, आईवर वार होतो, आणि मग तो आत जाऊन तिच्याजवळ बसतो, चेहऱ्यावरचा मुखवटा काढतो, आपण तिचा मुलगा आहोत आणि आपण व बाबा ठीक आहोत, हे सांगतो. ती जाते. एवढ्या वेगाचा धनी असलेल्या नायकाला पहिल्या पर्वात आई वाचवून मिळत नाही. तिच्याजवळ थोडा वेळ बसायला मिळते. मामांनी मध्येच उठून पाणी आणले आणि परत येऊन बसले. भाग संपल्यावर वडिलांनी मुलाला विचारले, ‘‘तुला काय सांगायचं होतं तिला?’’ आणि त्याने जे सांगितले ते त्या खोलीतच राहिले आहे. मला कोणी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी तिघे सांगलीजवळ हरिपूरला गेले, जिथे कृष्णा आणि वारणा मिळतात आणि जिथे २०२१ मध्ये अस्थी सोडल्या होत्या, मुलाशिवाय.

मालिकेचा पुढचा भाग या प्रकरणात थोडा वेगळ्या रीतीने उपयोगी पडला. दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला हेन्री निर्दोष सुटतो आणि अखेरीस बॅरीच्या डोळ्यांसमोर मारला जातो. तेव्हा बॅरी पुन्हा मागे जातो आणि या वेळी आईला खरोखर वाचवतो. तिसऱ्या पर्वात तो आईवडिलांसोबत तीन महिने राहतो, पण त्या बदललेल्या जगात जो वेस्टशी त्याचे बापलेकाचे नातेच नसते, तो दारूत बुडालेला असतो, आणि बॅरीच्या जुन्या आठवणी एकेक पुसल्या जाऊ लागतात. शेवटी त्याला आईचा मृत्यू पुन्हा होऊ द्यावा लागतो. पुढे त्याला वडिलांसारख्याच चेहऱ्याचा दुसरा धावपटू एक तडा गेलेला कप दाखवून सांगतो की सांधला तरी तो पहिल्यासारखा होत नाही. धाकट्याला यातली आठवणी पुसण्याची गोष्ट सर्वांत जास्त लागली होती. आईचा आवाज आठवेनासा होतोय, हे त्याने मला ऑक्टोबरात सांगितले, आणि ते सांगताना त्याला अपराधी वाटत होते. वडिलांच्या जुन्या फोनवर तिचे आवाजी निरोप निघाले, बहुतेक बाजारातून काय आणायचे याचे. ‘‘दोरा आणा, राणी रंगाचा, चकचकीत नको,’’ असा एक आहे. तो त्याने माझ्यासमोर तीनदा लावला.

व्यवहाराची एक बाबही नोंदवते. या कुटुंबाने मुलासाठी सरकारी मदतीचा अर्जच केलेला नव्हता, कारण आईवडील दोघेही गेले असतील तरच काही मिळते अशी त्यांची समजूत होती. राज्याच्या बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेली मुलेही बसतात आणि २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये झाली. महिला व बालविकास कार्यालय, बालकल्याण समिती, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला असे टप्पे पार करायला काही महिने गेले. पैसे मुलाच्या नावावर जमा होतात हे कळल्यावर मामांना वाईट वाटले, की आपण त्याचे करत नाही असा लोक अर्थ लावतील. त्यांची समजूत घालायला मला दोन बैठका घ्याव्या लागल्या. ‘‘तुम्ही त्याचे करता म्हणूनच हे त्याच्या पुढच्या शिक्षणाला शिल्लक राहील,’’ हे वाक्य शेवटी पटले.

वडील अजून कोइमतूरलाच आहेत. गावात त्या कामाला तेवढी मजुरी नाही आणि कर्ज फिटायचे आहे. बदल झाला तो असा की आता रात्रीच्या कॉलवर ते भट्टीपुढे फोन टेकवून ठेवतात आणि काम करत बोलतात. मालिकेत हेन्रीची भूमिका करणारा जॉन वेस्ली शिप हा नट १९९० च्या जुन्या मालिकेत स्वतः फ्लॅश होता, ही माहिती धाकट्याला फार आवडली होती. बाबांचे काम पाहताना तिचा संबंध त्याने कसा जोडला हे मला नीट कळलेले नाही, पण मूस चिमट्याने उचलून ओततात तो क्षण आला की तो घरच्यांना गप्प करतो. २०२४ च्या मे महिन्यात तो वीस दिवस तिकडे राहून आला. मामांनीच त्याला मिरजेला गाडीत बसवून दिले, त्याच फलाटावरून.

मामांशी त्याचे बोलणे पूर्ववत व्हायला दिवाळी उजाडली. अजूनही चिडला की तो फोनचा विषय काढतो आणि मामा ऐकून घेतात. मी त्यांना सांगितले आहे की हे काही वर्षे चालेल आणि प्रत्येक वेळी ऐकून घ्यावे लागेल. त्यांनी विचारले, ‘‘किती वर्षं, बाई?’’ मी म्हटले, त्याला मूल होईपर्यंत धरून चाला.

जून २०२४ मध्ये नववीच्या गणवेशासाठी मामी त्याला तयार कपड्यांच्या दुकानात नेणार होत्या. त्याने नको म्हटले आणि मापाची वही घेऊन गल्लीतल्या शिंप्याकडे गेला. शिंप्याने माप सांगितले, ते त्याने स्वतः २०१९ च्या ओळीखाली लिहिले. मधली चार वर्षे कोरी ठेवली नाहीत, रेघ मारून सलग लिहिले. दाब किती सोडायचा हे शिंप्याला विचारले, तेव्हा शिंपी म्हणाला, ‘‘दीड इंच सोडू, तुझी उंची अजून वाढायचीय.’’

लाल शाईची वही त्याने फाडलेली किंवा जाळलेली नाही. ती माझ्या कपाटात ठेवायला दिली आहे आणि मागितली की परत द्यायची असे ठरले आहे. आजवर त्याने ती दोनदा मागून घेतली आणि दोन्ही वेळा दोन-तीन दिवसांत आणून दिली. त्या आत्यांशी तो अजून बोलत नाही. त्या गणपतीत घरी आल्या तेव्हा तो पाया पडला आणि बाहेर निघून गेला. त्याने बोलावे असा आग्रह मी धरलेला नाही. आत्यांची गाठ मात्र मी घेणार आहे.